दामाजीपंतांचे कोठार आणि आमची साखर

मंगळवेढ्याची ज्वारी आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत या दोहोंचा आमच्या जिल्ह्याला सारखाच अभिमान आहे, आणि दोहोंचा संबंध भुकेशी आहे. दामाजीपंतांची कथा वाचकांना ठाऊक असेलच. बेदरच्या बहामनी राजवटीचे ते मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे दारात येऊन कोसळू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना मोकळी करून दिली. बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा कोणी दरबारात आला, धान्याचे मोल मोजून गेला आणि पावती घेऊन गेला. महिपतींच्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावरील त्या अवर्षणाला लोकस्मृतीने 'दामाजीपंतांचा दुष्काळ' असेच नाव दिले.

संतचरित्रे शिकवताना आम्ही ही कथा अनेक वर्षे सांगत आलो. तिला पुढे आम्ही एक पुरवणी जोडू लागलो, आणि प्रस्तुत लेख त्या पुरवणीविषयी आहे. आमच्यापैकी एकाला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. सोलापुरी भाषेत, 'शुगर लागली'. वजन अठ्ठावन्न किलो, व्यसन नाही, गोडाची फारशी आवड नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हसत विचारले, "गाव सांगोल्याकडचं ना? दुष्काळी मुलखातलं शरीर आहे, मिळेल ते साठवून ठेवतं." हे स्पष्टीकरण आम्हा दोघांनाही इतके आवडले, की पुढच्याच वर्षी ते वर्गात पोचले. दामाजीपंतांनी कोठार उघडले, आणि ज्यांना कोठार लाभले नाही त्यांच्या शरीरांनी आपापल्या आत कोठारे बांधली. आज पीक बरे आहे, कोठारे मात्र भरतच चालली आहेत, असे आम्ही म्हणत असू. विद्यार्थी वहीत उतरवून घेत. एवढी नेटकी गोष्ट खरी असेल का, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. कवितेतील रूपकाची उलटतपासणी करणाऱ्यांनी शरीरशास्त्रातले रूपक निमूटपणे स्वीकारावे, हे आमच्या पेशाला शोभणारे नव्हते.

रूपकाचा उगम शोधणे कठीण नाही. १९६२ मध्ये जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने मानवी आनुवंशशास्त्राच्या एका नियतकालिकात एक निबंध लिहिला. मधुमेह इतका घातक, तर त्याला पोषक जनुके नैसर्गिक निवडीने केव्हाच पुसून का टाकली नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे : माणसाच्या इतिहासाचा बहुतांश काळ कधी भरपूर, कधी काहीच नाही अशा अवस्थेत गेला. अन्न मिळताच ज्याचे शरीर ते झटपट चरबीत साठवी तो उपासमारीत टिकला, त्याला मुले झाली. नीलने या जनुकाला 'काटकसरी' म्हटले आणि 'प्रगती'ने त्याला घातक बनवले असेल काय, असे निबंधाच्या शीर्षकातच विचारले.

रोगाकडे या रीतीने पाहणाऱ्या अभ्यासाला पुढे डार्विनीय वैद्यक किंवा उत्क्रांतिवैद्यक असे नाव मिळाले. जॉर्ज विल्यम्स आणि रँडॉल्फ नेस यांनी १९९१ मध्ये त्याची रीतसर मांडणी केली. साखर का वाढली, याचे एक उत्तर स्वादुपिंड आणि इन्शुलिन यांच्या भाषेत देता येते. पण मनुष्यजातीचे शरीर असे बिघडू शकणारे का घडले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इतिहासाच्या भाषेत द्यावे लागते. कृतीची घटना आणि कृतीची परंपरा हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. फक्त इतिहासाच्या भाषेत उत्तर द्यायचे, तर इतिहास तपासावा लागतो. आणि दुष्काळाचा इतिहास तपासायचा, तर सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा थोडीच असेल.

दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा मानला आहे. त्यानंतर दामाजीपंतांचा. त्या दोहोंबद्दल आपल्यापाशी आख्यायिका अधिक आणि आकडे कमी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाचे तसे नाही. त्याची कागदपत्रे आहेत. १८७६ चा पाऊस गेला, खरीप गेले, रब्बीची पेरणीच झाली नाही. मुंबई इलाख्यात सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे अशा पूर्वेकडील जिल्ह्यांची दैना झाली. सोलापूरला रेल्वे येऊन सोळा वर्षे झाली होती. धान्य येतही होते. ते विकत घ्यायला मात्र माणसांपाशी पैसा नव्हता. जनावरे विकली गेली, भांडी विकली गेली, घरांची लाकडे विकली गेली.

सरकारने दुष्काळी कामे काढली. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांचा भर खर्च कमी करण्यावर होता. मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडे पैसे एवढ्यावर भागावे, असे त्यांचे म्हणणे. इतिहासात ती 'टेंपल मजुरी' म्हणून ओळखली जाते. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याविरुद्ध लिहिले, की खडी फोडणाऱ्या शरीराला हे पुरणार नाही. आमच्याकडे मात्र लोकांनीच उत्तर दिले. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने धाडली. जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या बालकाश्रमाला तर पहिल्या दोन वर्षांतच त्याचे प्रयोजन समजले. आणि याच १८७७ च्या सुमारास सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिला गाव पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. गिरणीला हात हवे होते आणि खेड्यांतून हात येत होते. हा योगायोग नव्हे, असे आम्हाला वाटते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१८८१ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. १८७२ च्या मानाने ती बरीच घटलेली होती. १८९१ मध्ये तोच आकडा साडेसात लाखांवर गेलेला दिसतो.

आता आमच्या वर्गातल्या पुरवणीकडे यावे. दुष्काळाने काटकसरी शरीरे निवडली, असे म्हणायचे तर मरण आणि जगणे चरबी साठवण्याच्या कौशल्यावर ठरले असले पाहिजे. कागद निराळेच सांगतात. दुष्काळात सर्वाधिक मरतात ती लहान मुले आणि वृद्ध. तीही पुष्कळदा नुसत्या भुकेने नव्हे, तर पटकी, हगवण आणि तापाने. कोण जगला हे पुष्कळ अंशी विहिरीवर, जमिनीवर, जातीवर आणि सावकाराकडच्या पतीवर ठरले. महाराच्या किंवा मांगाच्या पोराची जनुके कितीही काटकसरी असती, तरी त्याला पाटलाच्या पेवातले धान्य मिळत नव्हते. शिवाय १८७६ पासून आजपर्यंत पाच-सहा पिढ्याच होतात. नीलच्या डोळ्यांसमोर हजारो वर्षांचा काळ होता हे खरे, परंतु तिथेही अडचण आहेच. जॉन स्पीकमन या जीवशास्त्रज्ञाने २००८ च्या सुमारास ती नेमकी मांडली : दुष्काळांची निवड जर इतकी कठोर असती, तर आज सुबत्तेत झाडून सगळेच लठ्ठ झाले असते, आणि तसे तर दिसत नाही. मधुमेहाशी जोडलेले जनुकीय भेद आता शेकड्यांनी सापडले आहेत. प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा आहे, आणि दुष्काळाने ते निवडून काढल्याची सर्वमान्य खूण त्यांत मिळालेली नाही. युरोपातही दुष्काळ कमी पडले नव्हते. नीलनेही उतारवयात आपल्या मूळ मांडणीला बऱ्याच मुरडी घातल्या.

पण आम्हाला सलले ते आणखी वेगळे. 'काटकसर' हा शब्दच पाहावा. काटकसर करायला आधी काही हाती असावे लागते. तो गृहस्थाचा गुण आहे. ज्याच्या घरात कणगी आहे, तो कणगीतले जपून वापरतो. टेंपल मजुरीवर जगणाऱ्या बाईने कोणती काटकसर करायची? तिची उपासमार एका सरकारी हिशोबातून आली होती. तिला 'काटकसरी शरीर' म्हटले की तो हिशोब, तो संप, ती निवेदने सगळे बाजूला पडते आणि उरते ते निसर्गाचे चातुर्य. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात हेच करत होतो. दामाजीपंतांच्या कथेत तरी कोठार उघडणारा आणि त्याला पकडायला निघालेला, असे दोघेही होते. आमच्या पुरवणीत माणूसच नव्हता.

इथवर आल्यावर उत्क्रांतीचा नादच सोडून द्यावा, असे वाटणे शक्य होते. तसे झाले नाही, कारण दरम्यान आमच्या वाचनात पुण्याचे काम आले.

त्याची पार्श्वभूमी इंग्लंडमधली. डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी हर्टफर्डशर परगण्यातील जुनी प्रसूतिनोंदणीची पुस्तके धुंडाळून काढली. जन्मतः आणि वर्षाच्या वयात ज्यांचे वजन कमी होते, त्यांना साठीत मधुमेह अधिक होतो, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये त्यांनी मांडले, की काटकसर जनुकात नसून घडणीत असते : गर्भाशयात अन्न अपुरे पडले की वाढणारे शरीर मेंदूला आधी देते आणि स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्यातून कापते. पुढे ते कापलेले भरून येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी केलेल्या नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या पुढील तपासण्यांतून साखरेचा तोल बिघडण्याचे प्रमाण अधिक दिसले. शब्द मात्र इथेही 'काटकसरी'च राहिला. शास्त्रज्ञांचेही रूपकांवर प्रेम जडते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपल्या रुग्णांत एक कोडे दिसत होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला रुग्ण पन्नाशी-साठीचा आणि लठ्ठ. त्यांच्यासमोर येणारे तिशी-चाळिशीचे आणि बारीक. म्हणून १९९३ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार होण्याआधीपासून स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास होते. त्यांची मुले जन्मली, त्यांची बारकाईने मापे घेतली गेली आणि इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली गेली. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. आपल्या बाळाचे सगळेच लहान होते, पण सगळे सारखे लहान नव्हते. सर्वाधिक घटले होते ते पोट, म्हणजे आतल्या अवयवांचा घेर, आणि दंडाचे स्नायू. सर्वांत कमी घटली होती ती पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी. याज्ञिकांनी या बाळाला 'थिन-फॅट', म्हणजे कृश-मेदुर, असे म्हटले.

'पोटाला चिमटा घेणे' हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! त्या खेड्यांतल्या बाळांच्या मापांत तो अक्षरशः उतरला होता.

इथे आम्हाला सुश्रुताची आठवण झाली. 'सुश्रुतसंहिते'त प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिला रुग्ण कृश, दुसरा स्थूल. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही विभागणी आजच्या वैद्यकाशी इतकी जुळते, की आपली छाती अभिमानाने फुगावी. पण पुण्याचे बाळ या विभागणीत बसत नाही. ते एकाच वेळी कृश आहे आणि स्थूलही. कृशता डोळ्यांना दिसते, स्थूलता आत आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३; मात्र शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. विद्यार्थ्यांना ते चित्र दाखवले की आधी हशा होतो आणि मग वर्गातली बारीक मुले गप्प होतात.

या अभ्यासाचे पुढचे भाग आम्हाला अधिक मोलाचे वाटतात, कारण ते आपल्या स्वयंपाकघरात शिरतात. गर्भारपणात पालेभाज्या, दूध, फळे वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक भरलेली होती. कष्टाची कामे अधिक करणाऱ्यांची लहान. नुसत्या उष्मांकांचा हिशोब अपुरा पडत होता. दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि ते तर दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिन पुरेसे काम करीनासे झाल्याच्या खुणा सर्वाधिक होत्या, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरीही मुलग्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांची आणि मुलींपैकी साधारण त्याच्या निम्म्या प्रमाणात साखर मर्यादेबाहेर गेलेली होती. ही मुले लठ्ठ नव्हती. कोठार म्हणावे असे त्यांच्यात काही नव्हते.

ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा हे आमच्या जिल्ह्याचे जेवण. आम्ही त्याचे गोडवे गातो, बाहेरून आलेल्या पाहुण्याला कौतुकाने वाढतो. पण त्या ताटात दूध किती, अंडे किती आणि चाकवत, तांदुळजा, घोळ किती, हे कधी मोजले नव्हते. आणि ताट कोणाचे, हाही प्रश्न आहेच. शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात भाजीऐवजी भाजीचे पाणी आणि ताकाऐवजी ताकाची निवळ असे, असे आमच्या आज्या सांगत. त्या तक्रार म्हणून सांगत नसत, रीत म्हणून सांगत.

तर मग उत्क्रांतीचे काय? इथे शास्त्रज्ञांतच वाद आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. पीटर ग्लुकमन आणि मार्क हॅन्सन म्हणतात, की गर्भ हा हवामानाचा अंदाज बांधतो : बाहेर टंचाई आहे असे आईच्या रक्तातून कळते आणि तो टंचाईसाठी तयार होतो, बाहेर सुबत्ता निघाली की अंदाज चुकतो आणि रोग होतो. आम्हाला यात पुन्हा तीच नेटकी कथा दिसते. नऊ महिन्यांच्या अनुभवावर साठ वर्षांचा अंदाज बांधणारा ज्योतिषी निसर्गाने का घडवावा? लंडनचे जोनाथन वेल्स यांचे म्हणणे आम्हाला अधिक पटते. गर्भाला बाहेरचा पाऊस कळत नाही, आई कळते. आणि आईचे शरीर हे तिच्या स्वतःच्या बालपणाचे, तिच्या आईच्या शरीराचे साठलेले फलित असते. एखाद्या वर्षाची सुगी किंवा नापिकी त्यात थेट उमटत नाही. बाळ मिळेल त्यात मेंदू वाचवते आणि जन्मते. उत्क्रांतीने दिले आहे ते हे वाचवण्याचे कसब. त्याची किंमत चाळिशीनंतर वसूल होते, तोवर मुले झालेली असतात आणि नैसर्गिक निवडीला त्या माणसात फारसा रस उरलेला नसतो.

पुण्यातूनच आणखी एक निराळा सूर आला, तो मिलिंद वाटवे यांचा. ते आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, नंतर 'आयसर'मध्ये गेले. २००७ मध्ये त्यांनी याज्ञिकांसह लिहिलेल्या निबंधात काटकसरीची कल्पनाच बाजूला सारली. इन्शुलिनला दाद न देणे ही साठवणुकीची युक्ती नसून, शरीराने बलाकडून बुद्धीकडे, सैनिकाच्या जगण्याकडून मुत्सद्द्याच्या जगण्याकडे केलेला बदल आहे, असे त्यात म्हटले आहे. स्नायूंची साखर अडवायची, म्हणजे ती मेंदूला मिळते. वाटव्यांनी पुढे यावर एक मोठे पुस्तकच लिहिले. अवघा दिवस खुर्चीत बसून शब्दांशी झटापट करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही उपपत्ती भलतीच लागू पडते, म्हणूनच आम्ही तिच्यापासून थोडे सावध राहतो. मात्र महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाने जगन्मान्य रूपकावर बोट ठेवले, याचा व्यवसायबंधू म्हणून झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही.

२०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या शरीरात मधुमेहाकडे झुकणारे बदल झाले होते. नंतर दोन पिढ्या त्यांना पोटभर खायला घातले, तरी ते बदल मागे फिरले नाहीत. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावे याला मर्यादा आहे, हे आम्ही जाणतो. पण वारसा जनुकांच्या अक्षरांतूनच चालतो, हा आमचा समज यातून ढिला झाला. जनुके तीच राहून ती वाचण्याची रीत बदलू शकते आणि ती रीतही पुढे जाऊ शकते. पोथी तीच, पाठ निराळा, एवढे म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना पुरते.

एक नोंद जाता जाता. अर्धपोटी वाढलेल्यांच्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र स्थान दिले होते. १९९९ मध्ये ते काढून घेतले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'प्रकार ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. मधल्या पंचवीस वर्षांत ही माणसे कोणत्या रकान्यात घातली जात होती, हे शोधण्यासारखे आहे.

या सगळ्या वाचनातून एक नवे संकट उभे राहते, आणि त्याचा उच्चार न करणे अप्रामाणिक ठरेल. 'दोष जनुकांचा' म्हणण्याऐवजी 'दोष आईच्या पोटाचा' असे आता म्हटले जाऊ लागले आहे. हे लेखन वाचून दाखवले तेव्हा वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे सर, बाबांच्या शुगरला आजी जबाबदार?" तिचा स्वर चिडलेला होता आणि ते योग्यच होते. आम्ही त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. आता देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी आमच्याच घरातले उदाहरण घेतो.

आमच्यापैकी ज्याला साखर निघाली त्याची आई सांगोला तालुक्यातील एका वाडीवर १९६० मध्ये जन्मली. स्त्रीगर्भात बीजांडे जन्माआधीच तयार होतात. म्हणजे १९८० मध्ये जन्मलेल्या या लेखकाचे मूळ बीजांड १९६० मध्ये आजीच्या पोटात असलेल्या आईच्या शरीरात तयार झाले होते. आजी तेव्हा काय खात होती, हा त्याच्याही चरित्राचा भाग आहे. १९७२ च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती. शाळा सुटली आणि ती आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्यांत ही दोघी. त्या दुष्काळात १८७७ सारखी माणसे मेली नाहीत. तलावाच्या कामांनी आणि रेशनने ती तगली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. हा फरक निसर्गाने केलेला नाही. पण तगणे आणि वाढणे यांत अंतर आहे. लाल मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि डोक्यावर मातीची पाटी, अशी तिची बारा ते चौदा ही वाढीची वर्षे गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी मूल. आईची उंची चार फूट दहा इंच आहे. आजी याहून उंच होती, असे सगळे सांगतात.

यात आजीला जबाबदार धरायचे, तर तिला पौंडाच्या हिशोबाने पाऊणशे वर्षांआधी मोजणाऱ्यांनाही धरावे लागेल, तिच्या ताटातली भाजी आधी वाढून घेणाऱ्यांनाही धरावे लागेल, आणि त्या घरचे पुरुष म्हणून आम्हालाही. विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापाशी आज एवढेच उत्तर आहे. पुरवणी आम्ही आता सांगत नाही. दामाजीपंतांची कथा सांगतो, मग टेंपल मजुरीची, मग त्या सहा गावांतल्या बाळांच्या मापांची. तासाला वेळ पुरत नाही आणि अभ्यासक्रम मागे पडतो, अशी विभागप्रमुखांची तक्रार आहे.

मागच्या दिवाळीत आईला विचारले, की माझे जन्मावेळचे वजन किती होते. घरीच बाळंतपण झालेले, काटा कुठला असायला? ती थोडा वेळ आठवत राहिली. "वजन कुणी केलंय तवा? सुपात घातला हुतास. सुपात जागा उरली हुती, येवढं आठवतंय." मग म्हणाली, त्या साली ज्वारी मात्र बरी आली होती.